तंबूसाठी माणसं

“मी शे. दगूबाई.”

चुनीलालने मान वर केली नाही. सकाळपासून तो नंदुरबार स्टेशनासमोरच्या धर्मशाळेतल्या या खोलीत बसून जत्रेतल्या तंबूच्या कामासाठी एकेकाला आत बोलावत होता. इस्त्रीचे सदरे घातलेली, खिशाला पेन लावलेली पोरं येत होती. नाव सांगायच्या आधी मॅट्रिक झाल्याचं सांगत होती. तीच ती उत्तरं ऐकून त्याच्या कानांना गुंगी आली होती. त्या गुंगीत हा आवाज आला आणि मानेच्या मागे, जिथं सदऱ्याची कॉलर टेकते तिथं, काहीतरी गार सरकल्यासारखं झालं. चेहरा दिसायच्या आधी आवाज ओळखू येतो तेव्हा माणूस क्षणभर वयच विसरतो. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराचा कालवा, व्यापाऱ्यांची घासाघीस, देवळाकडची गर्दी, या सगळ्यावरून सरळ निघून जाणारा हा आवाज. तो आत्ता या चुना लावलेल्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे, उमेदवाराच्या बाकावर बसायला आला होता. मान वर करायला उशीर होतोय हे त्याला कळत होतं. खिडकीपाशी उभा असलेला सुरतेच्या कारखान्याचा मिस्त्री रेवजी आपल्याकडे बघतोय हेही कळत होतं.

“काय रे चुन्या, वळखं नही का?”

त्याने वर पाहिलं. दगूबाई वाळली होती. गालांची हाडं वर आली होती, कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत मिटत चाललं होतं. पण बसायची तऱ्हा तीच. पाय फाकून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, जणू समोर खुंट्या रोवल्या आहेत आणि कोणी कडं टाकायची ती वाट बघते आहे. “वळखं ना,” तो म्हणाला, आणि सुरतेला सात वर्षं राहून आपली अहिराणी अशी दोन शब्दांपुरती उरली आहे हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. रेवजी चकित होऊन म्हणाला, “भाई, ओळखीच्या आहेत?” चुनीलालने समोरचा कागद सरळ केला. ओळखीच्या या शब्दात ती मावेना.

सारंगखेड्याच्या जत्रेत त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो विशीत होता. मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटला होता, आणि तापीकाठच्या मळ्यात केळीचं नवं बेणं लावायचं प्रेमचंद, म्हणजे त्याचे वडील, पक्कं करून बसले होते. चुलतभावांबरोबर तो घोडे बघायला म्हणून आला आणि घोड्यांपर्यंत पोचलाच नाही. वाटेत कड्यांचा खेळ होता. जमिनीत रोवलेल्या खुंट्या, प्रत्येक खुंटीपाशी एकेक वस्तू: साबणाची वडी, आरसा, कंगवा, आणि अगदी मागे चिनी मातीचा एक पांढरा कुत्रा. दोरीच्या अलीकडून लोखंडी कडं टाकायचं. खुंटीत बसलं तर वस्तू आपली. खेळ बघण्यासारखा नव्हताच. बघण्यासारखे होते ते खेळणारे. कडं हातात घेतलं की जाडजूड शेतकऱ्याचा चेहरा कसा पोरासारखा होतो, सोडताना जीभ कशी बाहेर येते, चुकलं की तो आधी बायकोकडे का बघतो. चुनीलाल ऊन कलेपर्यंत तिथंच उभा राहिला. शेवटी त्या बाईनेच हटकलं. नवरा भिला त्या पावसाळ्यात तापाने गेला होता, आणि तिला पुढे उभं राहून खेळणारा एक माणूस हवा होता. लोकांना हुरूप यावा म्हणून.

“हारता येस का तुले?” तिने विचारलं.

त्याला वाटलं, ही थट्टा करते आहे. तिने कड्यांची चळत पुढे केली. “खेळ. आन हार.”

केळीवर बसणाऱ्या पाखरांना दगड मारून मारून त्याचा हात बसलेला होता. पहिलंच कडं साबणाच्या खुंटीत गेलं. “जिकना ते घर जाय,” ती म्हणाली. मग त्याने मुद्दाम चुकवलं. पुन्हा चुकवलं. तोंड पाडून चुकवत राहिला, आणि जमलेली चार माणसं पांगली. “आसा हारना ते लोकेबी घर जातीन.” त्याला राग आला. रागाने त्याने कुत्र्यावर नेम धरला, अगदी मनापासून. कडं खुंटीच्या डोक्यावर बसलं, गरगर फिरलं, आता जाणार, आता जाणार असं करत काठावरून बाहेर घसरलं. तो “अरे!” म्हणून ओरडला आणि त्याला हसूच फुटलं, आतून, अंगातून, परीक्षेच्या निकालापासून न फुटलेलं. मागे उभा असलेला म्हसावदचा एक पागोटेवाला पुढे सरसावला. “सरक रे, माले देख,” म्हणाला. दगूबाईने चुनीलालच्या हातातली उरलेली कडी काढून त्या पागोटेवाल्याला दिली आणि चुनीलालला नुसतं म्हणाली, “ऱ्हाय आते.”

अशी ती नोकरी. आज सकाळपासून बाकावर येऊन बसणाऱ्या पोरांना तो विचारत होता, शिक्षण किती, वजाबाकी येते का, आधी कुठं काम केलं. आता तिलाही काहीतरी विचारायला हवं होतं, कारण रेवजी बघत होता. तोंडातून निघालं, “आधी कुठं काम झालं आहे?” ना तू, ना तुम्ही, वाक्य मधल्यामधून सरपटत गेलं. दगूबाई मोठ्याने हसली. बाहेरच्या ओट्यावर बसलेली पोरंही गप्प झाली. “सांगू का? कागदवर लिखशी?” ती म्हणाली. “लिख. खापरना बाजार. अक्कलकुवाना बाजार. म्हसावद. सारंगखेडा. आजून काय?”

रेवजीने धर्मशाळेच्या माणसाला चहा सांगितला. चुनीलालने पेन खाली ठेवलं. खापरचा बाजार म्हटला की त्याला आधी वास आठवे. मोहाचा, ओल्या गोणपाटाचा, आणि दगूबाई तीन दगडांवर भाजत असलेल्या भाकरीचा. बैलगाडीतून खुंट्यांची पोती उतरवायची, जमीन ठोकून बघायची, भुसभुशीत असली तर पाणी मारायचं. डोंगरातून माणसं उतरू लागायची. पाठीवर चारोळीची गाठोडी, बायकांच्या गळ्यात चांदी. त्यांची बोली त्याला कळत नसे. दगूबाईलाही फारशी कळत नसे, पण ती प्रत्येकाशी बोलायची आणि प्रत्येक जण तिला उत्तर द्यायचा. दुपारी गिऱ्हाईक थंड झालं की ती लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन गाडीखाली झोपायची आणि चुनीलाल एका मोडक्या पेटीच्या झाकणाशी खेळत बसायचा. झाकणाला त्याने खिळे ठोकले होते. वरून काचेची गोटी सोडायची, ती खिळ्यांवर आपटत, डावीकडे की उजवीकडे असा विचार केल्यासारखी थबकत खाली यायची आणि कुठल्यातरी खणात पडायची. मधला खण इनामाचा. हे त्याचं स्वतःचं होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा मांडलं तेव्हा कोणी फिरकलंच नाही. खिळे इतके दाट होते की गोटी मधल्या खणाकडे वळायचीच नाही, आणि लोकांना ते दोन डावांत कळे. दगूबाईने फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती. संध्याकाळी म्हणाली, “आठे इसन त्यास्ना जीव मरस,” आणि मधल्या खणाच्या जरा वर, जिथं येऊन खेळणाऱ्यांचा जीव मरत होता तिथं, बोट ठेवलं. “याले काढ.” त्याने तो खिळा उपटला. पुढच्या बाजारी अक्कलकुव्याला माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. हमरस्त्यावर उभे राहिलेले ट्रकवाले चहा सोडून आले. गोटी मधल्या खणाच्या तोंडाशी येऊन थबकली की सगळे मिळून श्वास धरायचे आणि मग एकदमच सोडायचे. त्या श्वासाचा आवाज चुनीलालच्या अंगावरून जायचा. आपण ठोकलेल्या खिळ्यांनी इतक्या अनोळखी माणसांना एकत्र श्वास घ्यायला लावला, या गोष्टीचा त्याला रात्रभर अचंबा वाटला होता.

आणि भीमसिंग. सातपुड्यातला पावरा आदिवासी, बाजाराला आला की फळीसमोर उकिडवा बसायचा आणि खेळायचा नाही. कितीतरी बाजार असे गेले. एकदा त्याने हाताने विचारलं, सोडू का? चुनीलालने गोटी दिली. भीमसिंगने डोळे मिटले आणि गोटी सोडली. खिळ्यांवरून ती टणटणत उतरली, आणि मधल्याच खणात पडली. चुनीलालने आरसा पुढे केला. भीमसिंगने मान हलवली, आरसा परत ठेवला आणि कानाला बोट लावलं. त्याला तो आवाज हवा होता, बस. पुन्हा गोटी मागितली. त्यानंतर तो आला की दगूबाई गिऱ्हाइकांना थांबवून त्याला एक डाव द्यायची. पुढे सुरतेला, असल्याच खेळाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, पोलादी गोळी काचेखाली फिरताना चुनीलालला कधीकधी आपोआप डोळे मिटावेसे वाटत. तिथं मात्र कानावर पडायची ती खालच्या मजल्यावरच्या करवतीची घरघर.

चहा आला. दगूबाईने बशीत ओतून घेतला. ती फुंकर मारत होती आणि चुनीलाल तिच्या मनगटांकडे बघत होता. सुरतेचा एक माणूस फळीपाशी आला होता तेव्हाही ती अशीच काहीतरी खात-पीत होती, भाकर असावी. ट्रक बिघडला म्हणून तो अक्कलकुव्याला अडकला होता. आमचे शेठ असलीच यंत्रं बनवतात म्हणाला, हॉटेलांत, सिनेमाघरांच्या पडव्यांत ठेवायला. काच, स्प्रिंगची दांडी, दिवे. तुझ्यासारखा खिळे मांडणारा हवा आहे. चुनीलालने ते दगूबाईला सांगितलं. त्याला वाटत होतं, ती नको म्हणेल. निदान गप्प होईल. ती घास चावत म्हणाली, “जाय ना. तठे लाइट शे.” एवढंच. दुसऱ्या बाजारी तिने त्याच्याशिवाय खुंट्या मांडल्या. पुढे सुरतेच्या खोलीत झोप आली नाही की तो त्या शब्दांचा कीस काढायचा. रागावली होती का? काही केल्या राग सापडायचा नाही.

तिथं त्याची बढती होत गेली. आधी खिळे ठोकणारा, मग खिळ्यांची जागा ठरवणारा, मग नव्या यंत्रांचा मुख्य. शेठ त्याला खुर्ची देऊन बोलायचे. पण वरच्या मजल्यावर खेळणारं कोणी नसे. यंत्र रंगवून, खोक्यात घालून रेल्वेने जाई, आणि कुणाच्या जिभा बाहेर येतात, कोण बायकोकडे बघतं, हे त्याला कधी कळत नसे. अशा वेळी तो एक गोष्ट करायचा. आज कोणता वार, कुठला बाजार, हे मनाशी आठवायचा. आता ती खापरला असेल. आता पाणी मारत असेल. आता गाडीखाली झोपली असेल. कुठल्याही क्षणी हे सगळं सोडून तिथं जाऊन उभं राहावं, तर कडी तशीच चळत लावून ठेवलेली असतील, असं त्याला सात वर्षं वाटत आलं होतं. त्या भरवशावर त्याने शेठची बोलणी खाल्ली होती, परमुलखात घर केलं होतं. या वर्षी सारंगखेड्याला कंपनीचा मोठा तंबू लागायचा ठरला, तिथल्या यंत्रांपाशी बसायला माणसं घ्यायला शेठने त्यालाच नंदुरबारला पाठवलं, तेव्हा गाडीत तो मनात म्हणाला होता, काम उरकलं की तिला गाठायचं.

“कडी कुठं आहेत?” त्याने विचारलं.

“इकी टाकी. भंगारवालाले.”

“आणि खुंट्या?”

“चुल्हामां गयात.” तिने बशी खाली ठेवली. त्याचं तोंड बघून तिला नवल वाटलं असावं. “काय व्हयनं? लाकूडच व्हतं ना, भो.”

त्याच्या छातीत कुठलीतरी खुंटी उपटल्यासारखी जागा रिकामी झाली, आणि तिथून वारा आत येऊ लागला. गेल्या साली कंपनीने जत्रेत दोनच यंत्रं ठेवली होती, नमुन्यादाखल. तो आला नव्हता. दगूबाई सांगत होती, त्या यंत्रांपुढे ही गर्दी. तिच्या दोरीपाशी कुत्रं फिरकलं नाही. ती तक्रार करत नव्हती. गेल्या साली पाऊस कमी झाला हे सांगावं तसं सांगत होती. “मंग मी बी गयू देखाले. तो उजेड माले आवडना. लाल, हिरवा. तीनदाव खेळनू.” आणि मग जरा थांबून, “तू करेल शे म्हने ते?”

“हो.”

“देखाड बरं आठे.”

कोपऱ्यात नमुन्याचं यंत्र कापडाखाली होतं. रेवजीने नाखुशीने कापड काढलं, बॅटरीच्या तारा जोडल्या. दगूबाई उभी राहिली, दांडी ओढली, सोडली. गोळी वर गेली, वळली, खिळ्यांवरून उतरू लागली. दिवे लागले, विझले. चुनीलाल गोळीकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर काहीच हललं नाही. गोळी रिकाम्या खणात गेली. तिने पुन्हा दांडी ओढली, पुन्हा तेच. ती काचेवर हात ठेवून उभी राहिली.

“हारनू,” ती म्हणाली. “पन माले कोनी हरावं ते दिसनं नही.”

चुनीलालच्या अंगात काहीतरी उसळून आलं. आता ही पाठ फिरवेल. आता म्हणेल, असल्या पेटीपाशी मी बसायची नाही, आणि पदर खोचून निघून जाईल. ते त्याला हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याला स्वतःची भीती वाटली. ती निघून गेली असती तर तो मागोमाग पायऱ्या उतरला असता, निदान उतरल्याचं त्याला पुढे आठवता आलं असतं. सुरतेच्या खोलीत उशाला घ्यायला काहीतरी उरलं असतं. पण दगूबाई परत बाकावर येऊन बसली, तळवे गुडघ्यांवर ठेवले.

“याना जोडे मानूस जोयजे,” यंत्राशेजारच्या मोकळ्या जागेकडे हनुवटी करून ती म्हणाली. “हारना त्याले कोनी तरी म्हनाले जोयजे, आरे, जरासं चुकनं तुन्हं. मी बठसू. कोनतं यंत्र देशी?”

रेवजी पुढे वाकून हळूच म्हणाला, “भाई, शेठने सांगितलंय. तिशीच्या आतली, शिकलेली पोरं. ही बाई घेतली तर ते तुम्हालाच विचारतील. आधीच तुमच्यावर जरा…” त्याने वाक्य सोडून दिलं. ते खरं होतं. गेल्या दोन यंत्रांतला इनामाचा खण शेठला फार उदार वाटला होता, आणि आता मुंबईचा एक शिकलेला इंजिनियर येणार असल्याची बोलणी कारखान्यात चालू होती. चुनीलालला वाटलं, त्या जत्रेत एका बाईने एका नापास पोराला विचारलं नव्हतं की तू किती शिकलास. पण हेही खोटं होतं. तिला दया आली म्हणून तिने त्याला घेतलं नव्हतं. तो कामाचा होता म्हणून घेतलं होतं. आणि ही बाकावर बसलेली बाई कामाची होती. इतकी साधी गोष्ट दिसायला त्याला इतका वेळ लागला होता, कारण तो मघापासून तिच्याकडे बघतच नव्हता. खापरच्या बाजाराकडे बघत होता.

“दारातलं पहिलं यंत्र,” तो म्हणाला. “आत येणाऱ्याला आधी दिसतं ते. शेठला मी सांगेन, रेवजी.”

“मी काय म्हणत होतो…”

“मी सांगेन.”

दगूबाईने मान डोलावली. जत्रेच्या आदल्या दिवशी कधी यायचं, कुठं झोपायचं, जेवण कंपनीचं की आपलं, हे तिने नीट विचारून घेतलं. बिघडलं तर उघडायचं कसं तेही विचारलं. रेवजीने यंत्राची मागची फळी काढली आणि चुनीलाल गुडघ्यांवर बसून तिला दाखवू लागला: ही स्प्रिंग, ही तार, गोळी अडकली तर इथून बोट घालायचं. तिने बोट घातलं. जुनी जाड नखं, त्यांच्या कडेला राख. एकदा चुकली, दुसऱ्यांदा जमलं. मग ती उठली आणि दाराकडे जाताना तिने डोक्यावर पदर घेतला. सगळ्या बाजारांत, उन्हात, धुळीत, पाटलांसमोर, फौजदारासमोर, तिने कधी डोक्यावर पदर घेतलेला त्याने पाहिला नव्हता.

“बरं सायेब,” ती म्हणाली. “येस मी.”

“दगूबाई, चुन्या म्हण.”

ती उंबऱ्यात थांबली. तिने खरोखर विचार केला. “आते नही, भो,” ती म्हणाली, अगदी मऊपणाने. “बाहेर पोऱ्या बठेल शेतस. तुमले मी चुन्या म्हनसू, ते त्या तुमनं काय आयकतीन?”

तुमले. तो शब्द तिच्या तोंडात नवा होता, आणि तिने तो जपून, उंबरा पाय न लागू देता ओलांडावा तसा उच्चारला. ती पायऱ्या उतरली. चुनीलाल खिडकीपाशी गेला. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांच्या घोळक्यातून शहाद्याच्या मोटारीकडे ती चालली होती, भराभर, कामाला लागलेल्या माणसासारखी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने ओ चुन्याला दिली असती की सायेबाला, हे मात्र त्याला आता सांगता येत नव्हतं. मोटारीच्या दाराशी तिने कंडक्टरला काहीतरी विचारलं, तो हसला, सरकला, आणि ती आत चढली.

रेवजीने टेबलावरचे कप उचलले. “भाई, बसा,” तो म्हणाला. “पोरं खोळंबली आहेत.”

चुनीलाल बसला.